इब्राहिमभाईंचा ठिपका

आमच्या ऑफिसात एक बंदूक अशी होती, जिच्यातून गोळी सुटत नसे, सुई सुटे. पेन्सिलीएवढी नळी, पुढे जाड सुई, मागे लाल पिसांचा गोंडा. बिबट्या विहिरीत पडला किंवा डुकरासाठी लावलेल्या फासकीत अडकला, की डॉक्टर त्या नळीत झोपेचं औषध भरून देत. ती सुई जनावराच्या मांडीत मारायचं काम वनखात्यात आमच्याकडे एकाच माणसाचं होतं. इब्राहिमभाई होडेकर. एकोणीस वर्षं त्यांनी ते केलं. मी त्याच ऑफिसात लिपिक. बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की भाई नेम लावायला बसले की आकडे मी लिहून घ्यायचे.

मीच का, असं मी त्यांना पहिल्या वर्षी विचारलं होतं. ऑफिसात लिहिता येणारे सातजण होते.

"मारनाऱ्यानं लिहू नये, दामलेनू," ते म्हणाले. "मारनारा स्वतःला दोन बोटं सूट देतो. तुमी कुनाला देत नाय."

हे कौतुक की टोमणा, ते मी ठरवलं नाही. महिन्यातून एका शनिवारी, सकाळी साडेसातला, वही घेऊन ऑफिसच्या मागे जाऊ लागलो.

नेम लावणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या बंदुकीवर आगपेटीएवढी काच बसवलेली असते. काचेतून पाहिलं की मधोमध एक लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथे टेकेल तिथे सुई लागली पाहिजे. पण ती आपोआप लागत नाही. काचेला दोन बारीक स्क्रू असतात, एक वर-खाली नेणारा, एक डावी-उजवीकडे. स्क्रू फिरवला की टिक असा आवाज येतो. आमच्या काचेला पंधरा मीटरवर एका टिकेला साधारण साडेचार मिलिमीटरचा फरक पडे. तीन सुया मारायच्या, कुठे लागल्या ते मोजायचं, हिशेब करून स्क्रू फिरवायचे, पुन्हा तीन सुया. औषधाऐवजी नळीत तेवढंच पाणी. समोर चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टांगलेली काथ्याची जुनी गादी, तिच्यावर खडूचं वर्तुळ.

तीनच का, तर भाईंचा नियम तसा होता. एक सुई कितीही लांब गेली तरी ते स्क्रूला हात लावत नसत. "एक म्हंजे कायच नाय. दोन म्हंजे भांडान. तीन झाल्या की मग बोला." एवढं म्हणून ते सुया उपसायला स्वतः चालत जात. कुणाला पाठवत नसत. स्क्रू फिरवून झाला की पेचकसाच्या लाकडी मुठीने काचेच्या डब्याला दोनदा हलकं ठोकत, आतली स्प्रिंग जागेवर बसावी म्हणून. पावसाळ्यात ती काच काढून भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवत. आमच्या हवेत काचेला बुरशी धरते. ठिपक्याचा बटणासारखा सेल त्यांच्या शर्टाच्या खिशात असे, रुमालात गुंडाळून. तो रुमाल त्यांच्या बायकोने दोनदा सेलासकट धुतला.

ते मांडवीचे. घराणं मच्छीमारांचं, वडील तांडेल, होडीचे मुख्य. खात्यात लागण्याआधी चार हंगाम भाई वडिलांच्या होडीवर होते. समुद्रात खडपाची, पाण्याखालच्या खडकाची, जागा कशी सापडते, ते त्यांनी मला गादीसमोर बसून सांगितलं होतं. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी धरायच्या, पुढे एक माड, मागे दीपगृह. ते एकावर एक आले की एक रेघ झाली. दुसऱ्या बाजूला तशाच आणखी दोन. दोन रेघा जिथे कापतात तिथे खाली खडप, तिथे मासा. "एका खुनेवर जाळा टाकनारा उपाशी मरतो," असं त्यांचे वडील म्हणत. भाईंना जुन्या बंदुकीची, पुढे माशी आणि मागे खाच असलेली रचना म्हणूनच आवडायची. लाल ठिपक्यावर त्यांचा मनातून विश्वास नव्हता. एकच खूण, तीही हवेत लटकलेली. पण खात्याने दिला म्हणून त्यांनी तो शिकून घेतला, आणि इतका शिकला की त्यांच्या तीन सुयांमध्ये सर्वांत लांबचं अंतर चार ते पाच सेंटिमीटरच्या वर जात नसे. माझ्या वहीत पानंच्या पानं तशी आहेत.

आपली चूक मान्य करणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली नाहीत. भाईंची एक चूक मी पकडली होती. पंधरा मीटरचं अंतर ते एका काथ्याच्या दोरीने मोजत. दोरी त्यांनी स्वतः दोन्ही हात पसरून, वाव धरून मापलेली, दोन्ही टोकांना गाठी. चौथ्या वर्षी ऑफिसात नवा टेप आला, म्हणून मी सहज लावून पाहिला. दोरी चौदा मीटर पंचावन्न सेंटिमीटर भरली. पावसात भिजून, उन्हात वाळून आखडली होती.

मी जरा घाबरतच सांगितलं. भाईंनी टेप माझ्या हातातून घेतला, स्वतः लावला, पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग कोयता आणून दोरीचे चार तुकडे केले आणि गादी बांधायला वापरले.

"म्हणजे चार वर्षांचे आकडे चुकले?" मी विचारलं.

"आकडे बरोबर हायत. अंतर खोटा होता. प्रत्येक पानावर लिवा, लाल शाईनं. चौदा पंचावन."

"प्रत्येक पानावर?"

"मग काय, मी वाचनाऱ्याच्या सपनात जाऊन सांगू?"

माझा एक रविवार त्यात गेला. सेहेचाळीस पानं होती.

एकदा वरच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. तरुण होते, हौशी होते. बंदूक पाहून म्हणाले, मी मारून बघतो. भाईंनी बंदूक दिली. साहेबांनी तीन सुया मारल्या. तिन्ही वर्तुळाच्या डावीकडे, खाली, एकमेकींजवळ.

"होडेकर, तुमची बंदूक डावीकडे मारते."

"व्हय सायेब. माजी हाय ना."

"म्हणजे?"

"माजा गाल लाकडावर जिथं बसतो तिथं तुमचा बसत नाय. मान तुमची लांब. नेम माज्या डोळ्याचा लावलाय. तुमचा लावायचा तर दहा मिनटं द्या, लावून देतो. पन मग बिबट्या अडाकला की तुमी या."

साहेब हसले, बंदूक परत दिली. पण भाईंनी हे गमतीने म्हटलं नव्हतं. बंदूक ज्याने मारायची त्याच्याच डोळ्याने ती लावायची, हा त्यांचा दुसरा नियम होता, आणि त्यात त्यांनी कुणाचा दर्जा पाहिला नाही.

हे सगळं कधी बिघडू लागलं, ते मला वहीवरून सांगता येतं. गेल्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तीन सुयांचं अंतर सात सेंटिमीटर. पुढच्या महिन्यात नऊ. ऑक्टोबरची उकाड्याची सकाळ होती, भाईंच्या कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात लालसर मांस वाढलेलं होतं, पण ते कैक वर्षं होतं. खारं वारं लागलेल्या पुष्कळ माणसांना ते असतं. त्यांच्या वडिलांनाही होतं म्हणे.

भाई म्हणू लागले, ठिपका फुटला.

"फुटला म्हणजे?"

"गोल नाय ऱ्हायला. फनसाच्या आठळीसारका दिसतो. उजव्या अंगाला शेपूट."

त्यांनी काच पुसली. सेल बदलला. उजेड कमी केला. मग मी रीतसर पत्र लिहून नवी काच मागवली. दीड महिन्याने ती आली. भाईंनी बसवली, गाल टेकवला, आणि बराच वेळ बंदूक खाली घेतली नाही.

"हापन तसाच," ते म्हणाले. "हल्ली मालच असा येतो."

त्या दिवशी बारा सेंटिमीटर.

मधे नोव्हेंबरात एक मादी विहिरीत पडली होती. भाईंची पहिली सुई तिला लागली नाही, शेजारच्या चिऱ्यावर आपटून वाकली. दुसरी लागली. मादी वाचली. अहवाल लिहिताना मी विचारलं, पहिली का चुकली? भाई खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "हलली ती." मी लिहिलं, प्राणी हलल्यामुळे.

संध्याकाळी वैशाली माने माझ्या टेबलापाशी आल्या. त्या वनरक्षक, मूळ कोल्हापूरकडच्या, तिशी ओलांडलेल्या, विहिरीवर भाईंच्या शेजारी उभ्या होत्या.

"दामलेसाहेब, हलल्याली न्हवती. दगडागत बसल्याली कपारीत."

"मग तुम्ही तिथे का नाही बोललात?"

"मी बोलू? एकोनीस वर्सं मारनाऱ्या मानसाला? ह्या खेपंला सुई चिऱ्यावर बसली. फुडच्या खेपंला जनावराच्या डोळ्यात बसली तर?"

भाईंच्या निवृत्तीला सहा महिने होते. बंदूक काढून घेतली असती तर त्यांना आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं असतं, माझ्या शेजारी. मला त्यांचा शेजार आवडला असता. त्यांना तो कसा वाटला असता ते ठाऊक होतं. आणि न बोलण्याचा अर्थ पुढची सुई कुठेही लागू देणं होता, हेही ठाऊक होतं. मी अहवालावर भाईंची सही घेतली आणि घरी गेलो. त्या महिन्यात मी रोज दमून घरी जात होतो. काम नेहमीएवढंच होतं.

जानेवारीत भाईंनीच विषय काढला. नवी काच सदोष आहे, पुरवठादाराला तक्रार करा. "नुसता लिवू नका. फोटो जोडा. फोटो बगितला की गप बसतील."

मी मोबाइल काचेमागे धरला, जिथे माणसाचा डोळा येतो तिथे. गादी समोर. फोटो काढला. ते तेव्हा सुया धुवत होते. मी स्क्रीनवर पाहिलं.

ठिपका गोल होता. कंपासने काढावा इतका गोल.

मी आणखी दोन काढले. एक उजेड कमी करून, एक बंदूक आडवी करून. मग मोबाइल खिशात घातला. "झाला का?" भाईंनी विचारलं. झाला, म्हटलं. तक्रारीचं पत्र मी दोन दिवस टाइप करत होतो. चार ओळींचं पत्र.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला फोन वाजला. जयगडच्या वाटेवर काजूच्या बागेत बिबट्याची मादी फासकीत अडकली होती. कमरेला तार, लोक जमलेले. डॉक्टर परस्पर निघाले होते. गाडी सुरू झाली. भाई आतून बंदुकीची पेटी घेऊन आले. मी पायरीवर त्यांना अडवलं. कसं सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी नुसता मोबाइल पुढे केला.

त्यांनी पेटी खाली ठेवली. मोबाइल लांब धरून पाहिला, मग जवळ.

"हा आपला ठिपका?"

"हो."

"नव्या काचेचा?"

"हो."

"येकच काढलात?"

"तीन काढले."

त्यांनी बोटाने पुढचा सरकवला. मग पुढचा. ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"तिन्ही गोल," भाई म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला, फोटो पाहिला. मग डावा झाकला आणि पाहिला. असं करताना माणूस अगदी लहान दिसतो. मी दुसरीकडे पाहिलं.

"विहिरीतली ती," ते म्हणाले. "हलली नव्हती."

मग त्यांनी हाक मारली, "माने!"

वैशालीताई गाडीतून उतरल्या.

"पंधरा मीटरवर उबी ऱ्हा. तीन सुया मार."

"भाई, तिकडं जनावर तारंत हाय! लोक दगडं मारत्यात म्हनं!"

"म्हनून सांगतोय. माज्या डोळ्याला लावलेली बंदूक तुज्या हातात दिली तर काय व्हईल? उबी ऱ्हा."

रेंजरसाहेबांचा फोन आला, निघालात का? भाईंनी स्वतः घेतला. "वीस मिनटं, सायेब. नाय, गाडी चांगली हाय. बंदूक बिघडलीय." आणि ठेवून दिला.

वैशालीताईंनी आजवर सरावाला मारलं होतं, पण बंदूक कधी त्यांच्यासाठी लावली गेली नव्हती. भाई मागे उभे राहून बोलत राहिले, हळू आवाजात, जसं गुराला बोलतात. गाल टेकव. टेकला? आता विसर. श्वास सोड. अर्धा सोड, अर्धा ठेव. तीन सुया गेल्या. मी टेप घेऊन धावलो.

तिन्ही सुया साडेचार सेंटिमीटरमध्ये होत्या. पण सगळ्या मिळून वर्तुळाच्या मध्यापासून उजवीकडे नऊ सेंटिमीटर, वर दोन.

आकडा मी ओरडून सांगितला. भाई स्टुलावर बसले होते, बंदूक मांडीवर, पेचकस हातात, पाठ गादीकडे. त्यांनी वळून पाहिलं नाही. नऊ सेंटिमीटर उजवीकडे, याचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला असणार. शेपटाला ठिपका समजून आधी जुन्या, मग नव्या काचेचा स्क्रू ते उजवीकडे फिरवत आले होते. स्वतःच्या डोळ्याची चूक टिक टिक करत त्यांनी बंदुकीत भरून ठेवली होती.

"टिका सांगा, दामलेनू."

"डावीकडे वीस. खाली चार."

ते मोजू लागले. मोठ्याने. एक, दोन, तीन. अंगणात बाकी आवाज नव्हता. अकराव्याला त्यांचा पेचकस खाचेतून निसटला, तो त्यांनी चाचपून पुन्हा बसवला. वीस झाले. मग खाली चार. मुठीने दोनदा ठोकलं. "मार."

पुढच्या तीन सुया वर्तुळात बसल्या. मी वहीत लिहिलं. नाव लिहायच्या रकान्यात मी सवयीने 'इ. हो.' लिहायला लागलो होतो. भाई वाकून पाहत होते. "तिचा लिवा," ते म्हणाले.

त्या दिवशी मीही गाडीत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उतरवलंही नाही. वाटेत भाई वैशालीताईंना सांगत होते, मांडीचं मांस कुठे जाड असतं, पोट आणि फासळ्या कशा सोडायच्या, घाई कधी करायची नाही. स्वतःबद्दल एकच वाक्य बोलले. "निदान आठळीसारका दिसत होता. पपईसारका दिसेपरेंत थांबलो नाय." कुणी हसलं नाही, म्हणून तेच थोडं हसले.

पुढचे महिने ते आवक-जावकच्या टेबलाशी बसले, माझ्या शेजारी. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोपऱ्यातलं मांस बुबुळावर चढलंय, त्याने बुबुळाचा आकार ओढला गेलाय. शस्त्रक्रिया झाली. थोडा फरक पडला, पुरता नाही. मे महिन्यात ते निवृत्त झाले. चहा, नारळ, शाल झाली. मी भाषण करायचं टाळलं. पण भाई म्हटलं की मला त्यातलं काही दिसत नाही. मला दिसते ती काजूची बाग.

साठ-सत्तर माणसं होती, प्रत्येकाचा मोबाइल वर. मादी एका काजूच्या बुंध्याशी तारेत, जीभ बाहेर. डॉक्टर नळी भरत होते. वैशालीताई झाडाआड गुडघ्यावर बसल्या. भाई त्यांच्यामागे गेले नाहीत. ते उलट फिरले, लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"मागं व्हा. खाली बसा. आवाज नाय पायजे."

"चाचा, बाजूला व्हा की. कायच दिसत नाय," एकजण म्हणाला.

"मलापन दिसत नाय. मी ओरडतोय काय?"

फस्स, असा आवाज झाला. भाई वळले नाहीत. नुसती हनुवटी माझ्याकडे केली.

"उजव्या मांडीत," मी म्हटलं. "मधोमध."

त्यांनी मान हलवली. मग औषध चढेपर्यंतची ती लांबलचक मिनिटं. लोक कंटाळले, पुढे सरकू लागले, भाई तसेच उभे. अखेर डॉक्टरांनी हात वर केला. वैशालीताई धावत आल्या, घामाने निथळत, रडू आल्यासारख्या.

"भाई, झोपली! चला, डोळ्यावर फडकं घाला."

झोपलेल्या जनावराच्या उघड्या डोळ्यांवर ओलं फडकं घालायचं असतं, उन्हाने डोळे जाऊ नयेत म्हणून. आमच्याकडे ते नेहमी भाईच घालत.

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पिळला आणि वैशालीताईंच्या हातात दिला.

"जिनं मारली तिनं घालायचा. जा. दोन्ही डोळे नीट झाक."

त्या गेल्या. मागे कुणीतरी पळत पुढे यायला लागलं. भाईंनी हात पुन्हा पसरले. ते मघापेक्षा जरा खाली आले होते, पण पसरलेले होते.